खंड्याचे पाय

गेले तीन पावसाळे मी एका कुत्र्याचे पाय धुतो आहे. पाय धुणे या क्रियेला आपल्याकडे मोठा मान आहे. अतिथीचे धुवावेत, गुरूचे धुवावेत, लग्नात जावयाचे धुवावेत. कुत्र्याचे पाय धुणारा माणूस मात्र गावात चेष्टेचा विषय होतो, आणि कर्जत तालुक्यातल्या ज्या गावात मी राहतो तेथे मी तसा झालेलो आहे. चेष्टेबद्दल तक्रार नाही. लिहावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. या काळात माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती जितकी अज्ञानामुळे घडली, त्याहून अधिक जवळचा शब्द न ओळखल्यामुळे घडली असे मला आता वाटते. शब्दांवरच पोट भरत आलेल्या माणसाने हे कुठेतरी नोंदवून ठेवलेले बरे.

खंड्या माझा नाही. तो गावाचा आहे. रात्री देवळाच्या पडवीत झोपतो, सकाळी एसटीच्या थांब्यावर असतो आणि दुपारी माझ्या पायरीवर येतो. नाव मुलांनी ठेवलेले. खंडोबावरून ठेवले की ओढ्यावरच्या निळ्या पक्ष्यावरून, असे मी एकदा विचारले, तर ‘असंच’ असे उत्तर मिळाले. २०२३ सालच्या आषाढात तो पायरीवर आला तो पुढचा उजवा पाय उचलून. कुत्रा लंगडतो म्हणजे काटा मोडला, एवढेच माझे निदानशास्त्र होते. काटा सापडला नाही. मग तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते पलीकडून म्हणाले, “नेमके कुठे आहे?”

“पंज्याला.”

“पंज्याला म्हणजे कुठे, सर? गादीवर, बोटांच्या बेचक्यात, की नखाच्या मुळाशी?”

मला सांगता येईना. मी पाय पाहिला होता, पण त्यातले काहीच पाहिले नव्हते.

माणसाच्या तळपायाच्या दुखण्यांसाठी मराठीत किती शब्द आहेत ते त्या रात्री आठवत बसलो. टाचेला पडतात त्या भेगा. भेगांचे दुखणे फार वाढले की जळवात. घासून कातडी निबर होते तो घट्टा. आत रुतून बसते ते कुरूप (तळपायावरच्या एका कठीण गाठीला ‘कुरूप’ म्हणणाऱ्या भाषेची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे), त्याचीच बहीण भोवरी. नखाच्या कडेला ठणकते ते नखुरडे. गुराढोरांचीही सोय आहे. खूर आहे, खुरी आहे, लाळ्या-खुरकूत नावाचा साथीचा रोग आहे. घोड्याला नाल आहे आणि ती ठोकणारा नालबंद आहे. कुत्र्याला ‘पंजा’ हा एक शब्द दिला की आपले काम संपते, आणि तोही वाघाकडून उसना आणलेला.

खरे तर कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या तळाशी चार बोटांच्या चार लहान गाद्या असतात आणि त्यांच्या मागे बदामाच्या आकाराची एक मोठी. शिवाय बरीच वर, मनगटाच्या मागच्या अंगाला एक छोटी गादी असते. ती सपाटीवर जमिनीला लागत नाही, उतारावर पाय घसरला की टेकते. कुत्र्याच्या सबंध अंगावरची सर्वांत जाड कातडी ती गाद्यांची. वरून ती कानशीसारखी खरखरीत असते, कारण तिच्यावर बारीक शंकूसारखे उंचवटे असतात. आत चरबी आणि लवचीक तंतू यांची उशी असते, तिच्यावर प्रत्येक पावलाचा आघात झेलला जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येतो तो बहुतांशी याच जागी. घाबरलेला कुत्रा दवाखान्याच्या फरशीवर ओले ठसे उमटवतो ते त्यामुळे. २०११ साली जपानी संशोधकांनी असे दाखवून दिले की गादीतल्या रोहिण्यांभोवती नीलांचे जाळे असते आणि बाहेर जाणारे उबदार रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला तेथल्या तेथे ऊब देते. म्हणून बर्फावर कुत्र्याचे पाय गोठत नाहीत. आमच्याकडे बर्फ पडत नाही. आमच्याकडे चिखल असतो आणि डांबर असते.

हे सगळे मला नंतर कळले. आधी चूक झाली.

डॉक्टर दोन दिवस पलीकडच्या गावांत गुरांच्या लसीकरणाला अडकले होते. ‘पाय कोरडा ठेवा, मी येतो,’ एवढे त्यांनी सांगितले होते. त्यातले ‘कोरडा ठेवा’ मला फारच साधे वाटले असावे. मी हळद घेतली, खोबरेल तेल घेतले, त्यांचा लेप बेचक्यात भरला, वर कापूस ठेवला, त्यावर घरात असलेली ताणाची पट्टी गच्च गुंडाळली आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून सगळ्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवून तिला रबरबँड लावला. काम अतिशय नेटके झाले होते. खंड्या तो पाय झटकत, उचलत, दातांनी ओढत तीन पायांवर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या मावशी आवणीवरून परतत होत्या. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. ते पंधरा-वीस दिवस बाया सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात. मावशी अंगणाशी थांबल्या, त्या पिशवीकडे पाहून म्हणाल्या, “मास्तर, पावसात पाय कुठं बांधायचा असतो? चिखल्या झाल्यात त्याला. वाळू द्या.”

मी हसून ‘बघतो’ म्हणालो. मनात असे आले की चिखल्या माणसांना होतात. मावशींच्या स्वतःच्या पायाच्या बोटांमध्ये त्या वेळी त्या होत्याच. कातडी पांढरी पडून सुटली होती आणि त्या बोटे फाकवून, टाचांवर भार देऊन चालत होत्या. रोज सांजेला त्या पाय धुऊन, पुसून, चुलीसमोर धरून बसतात आणि झोपताना बेचक्यांना कोकमाचे तेल लावतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. म्हणजे निदान, उपचार आणि त्याची साक्ष देणारे दोन पाय माझ्या अंगणात उभे होते. पण शब्द माणसाचा आणि पाय कुत्र्याचा, एवढ्याने मी तो बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा पिशवी सोडण्याआधीच वास आला. आत पाणी गेले होते आणि निघायला वाट नव्हती. हळद-तेलाचा लगदा झाला होता. पट्टीखालची बोटे सुजून गोल झाली होती, बेचक्यांतली कातडी ओल्या कागदासारखी निघत होती आणि कडेच्या बोटाचा रंग बदललेला होता. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त शांतपणे एक गोष्ट दाखवली. पट्टी घट्ट झाली की मधली दोन नखे एकमेकांपासून फाकतात, म्हणून पट्टी बांधताना नखे नेहमी दिसती ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ तेवढी पाहायची. मी नखे झाकली होती. कडेचे बोट वाचले नाही. चार दिवसांनी दवाखान्यात भूल देऊन ते काढले. “मधली दोन बोटे शाबूत आहेत,” डॉक्टर म्हणाले, “वजन मुख्यतः त्यांच्यावर असते. चालेल तो.” हा दिलासा कुणासाठी होता ते दोघांनाही ठाऊक होते.

त्यानंतर तीन आठवडे खंड्या माझ्या ओटीवर साखळीला होता. गादीच्या दुखण्यात औषध फारसे अवघड नसते. अवघड असते ती ही साखळी. हाताला जखम झाली तर हात गळ्यात बांधता येतो. गादीची जखम पावलागणिक दबते, पसरते, पुन्हा उघडते. तिला घातलेले टाके वजनाने ओढले जाऊन सुटतात. शिवाय जनावर तिथे चाटते, आणि चाटल्याने जखम बरी होते हा आपला जुना समज बेचक्याच्या बाबतीत तरी घातक आहे, कारण चाटणे म्हणजे पुन्हा ओल. म्हणून गळ्यात तो कर्ण्यासारखा प्लास्टिकचा पट्टा घालायचा. खंड्याने आयुष्यात कधी साखळी पाहिली नव्हती. पहिले दोन दिवस तो ओरडला. तिसऱ्या दिवसापासून ओरडला नाही, भाकरीला तोंड लावीना आणि माझ्याकडे पाहीना. मी जवळ गेलो की मान भिंतीकडे वळवी. ते आठवडे मला बरेच लांब गेले.

त्या दिवसांत मी महाप्रस्थानिक पर्व पुन्हा वाचले. ओटीवर कुत्रा असताना ते वाचणे हा वेगळा अनुभव आहे. महाभारताच्या कथाभागाचा आरंभही कुत्र्यापाशी आहे, हे आपण वर्गात सांगतो. जनमेजयाच्या सत्रात त्याचे भाऊ सरमेच्या पिलाला विनाकारण मारतात, आणि सरमा येऊन जाब विचारते. शेवटही कुत्र्यापाशी आहे. पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुराहून निघतात तेव्हा सातवा म्हणून एक कुत्रा मागे चालू लागतो. पुढे द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, भीम पडतात, आणि प्रत्येकाच्या पडण्याचे कारण युधिष्ठिर सांगतो. इंद्राचा रथ येतो, कुत्र्याला सोडून यायला युधिष्ठिर नकार देतो, आणि कुत्रा धर्म म्हणून प्रकट होतो. हे आपण शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, उत्तरे तपासतो. पण वाट कोणती होती? आधी पूर्वेला समुद्रापर्यंत, तेथून दक्षिणेला, मग पश्चिमेला बुडालेल्या द्वारकेपाशी, मग उत्तरेला हिमालय, आणि हिमालयापलीकडे वाळूचा समुद्र, मग मेरू. एवढी वाट सहा माणसे चालली आणि कुत्रा चालला. माणसांपैकी एकच पोहोचला, कुत्रा पोहोचला. त्याच्या पायांबद्दल एक शब्द नाही.

यावर कुणी म्हणेल की तो धर्मच होता, त्याच्या पायांना काय होणार. मान्य. पण युधिष्ठिराला ते शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. त्याला जो सोडवत नव्हता तो साधा, भक्त, आश्रयाला आलेला कुत्रा होता. वाळूतून चालताना तो कुत्रा कुठे तरी पाय उचलून थांबला असेल, आणि युधिष्ठिराने तो पाय हातात घेतला असेल, असे मला त्या ओटीवर फार वाटून गेले. अर्थात ही टीका नव्हे. महाकाव्याने तळवे पाहावेत अशी अपेक्षा करणे हास्यास्पद आहे.

तरी एक गोष्ट खरी की आपल्या साहित्याला आणि आख्यायिकांना कुत्र्याचे डोळे दिसतात, शेपूट दिसते, इमान दिसते. रायगडावरच्या वाघ्याची कथा खरी की खोटी हा वाद इतिहासकारांचा आहे, पण त्या कथेला समाजाने इतके धरून ठेवले ते इमानासाठी. नामदेवांची कथा त्या मानाने अधिक मायेची आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा माणूस निदान त्या कुत्र्याच्या घशाचा विचार करतो. गोनीदांच्या ‘माचीवरला बुधा’तल्या म्हाताऱ्या बुधाची सोबत कुत्र्याचीच आहे. बुधाची ती राजमाची माझ्या गावाहून दिसते, कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून तिची चढण सुरू होते. त्या वाटेचा दगड काळा, कडांचा आणि उन्हात तव्यासारखा तापणारा आहे. गोनीदांइतका पायी हिंडलेला लेखक मराठीत विरळा. तरी बुधाच्या सोबत्याचे पाय मला त्या वाटेवर दिसले ते पुस्तक मिटल्यानंतर, खंड्यामुळे.

शास्त्रांचीही तीच गत. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. ज्या जनावरावर राजा बसतो त्याच्या पायाचा ग्रंथ होतो. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांना जागा आहे, पण ती राजाच्या विनोदांमध्ये, शिकारीच्या खेळासाठी. माथेरान आमच्याच तालुक्यात. तेथे तांबड्या मातीच्या रस्त्यांवर घोडी चालतात आणि त्यांची नाल झिजली की ती बदलणारा माणूस असतो, कारण घोड्याच्या पायावर घर चालते. त्याच रस्त्यांवरून कुत्रीही दिवसभर चालत असतात.

असो. तीन आठवड्यांनी साखळी सोडली. खंड्या उठला, अंग झटकले, पायरी उतरला आणि मागे न पाहता देवळाकडे गेला. पुढचे अकरा दिवस तो माझ्याकडे आला नाही. बाराव्या दिवशी आला, पायरीवर बसला आणि पाय मात्र अंगाखाली दुमडून घेतला. मला तो हातात मिळायला दिवाळी उजाडली.

आता रोजचा क्रम ठरलेला आहे. तो येथे लिहितो, कारण पुढच्या पावसात कुणाच्या तरी पायरीवर असा पाय येणारच. संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुवायचे, साबण नाही. जुन्या सुती कापडाने पुसायचे, आणि पुसणे हे धुण्यापेक्षा महत्त्वाचे. बोटांमधले केस बोथट टोकांच्या कात्रीने आखूड ठेवायचे, म्हणजे चिखल धरून राहत नाही. मग प्रत्येक बेचके फाकवून उजेडात पाहायचे. गोचीड आवडीने तिथेच बसते. गवताचे कुसळ एका टोकाने आत शिरते आणि उलट्या काट्यांमुळे मागे येत नाही, पुढेच सरकत राहते. आठवड्याने वर गाठ दिसते तेव्हा कुसळ भलतीकडेच गेलेले असते. खरचटले असेल तर पोविडोन आयोडीन पाण्यात घालून कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करायचे आणि त्याने धुवायचे. घरातले फिनेलसारख्या वासाचे जंतुनाशक कधीही नाही. कापले असेल आणि रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे दाबून धरायचे, मधे उचलून पाहायचे नाही. पावसाळ्यात उघडी जखम एक दिवसही नजरेआड करायची नाही, माशी बसली की आळ्या पडायला वेळ लागत नाही. बाहेर जाताना पाय झाकावा लागला तर झाकावा, पण घरात आल्यावर पहिले काम ते काढण्याचे.

आणि आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडांचे काय केले हे आपण पाहिलेच आहे. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली, तोवर बहुतेक आकाश रिकामे झाले होते. दुखणारा कुत्रा ओळखीचा असला तरी चावतो, हेही सांगायला हवे. मी आणि खंड्या दोघेही रेबीजची लस घेतलेले आहोत. भाताच्या खाचरातल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते फुटलेल्या कातडीतून आत शिरतात. तेही आवणीच्या बायांना आणि कुत्र्यांना सारखेच. चिखल्यांना ‘पायाचेच तर आहे’ म्हणू नये ते यासाठी.

उन्हाळ्याची गोष्ट मी खालापुरात शिकलो. माझा एक मित्र चौकजवळ राहतो आणि आसपासच्या सोडलेल्या कुत्र्यांना खाऊ घालतो. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरता झाला, मुंबई जवळ आली, कर्जत-खालापूरच्या माळांवर शेतघरे उठली, आणि शेतघरांमागून शहरातली केसाळ, जातिवंत कुत्री आली. त्यांतली काही हौस सरल्यावर मागेच राहतात. २०२४ च्या मे महिन्यात मित्राने बोलावून घेतले ते अशाच एका सोनेरी कुत्रीसाठी. कुणाची तरी गाडी ओळखून ती दुपारी डांबरी रस्त्यावरून बरीच लांब पळाली होती. त्या संध्याकाळी तिच्या गाद्या वरवर ठीक दिसल्या. दुसऱ्या दिवशी फोड आले आणि तिसऱ्या दिवशी गादीची वरची कातडी मोज्यासारखी निघाली, खाली गुलाबी मांस. भाजलेल्या गादीचे असेच असते, ती उशिरा सांगते. लगेच कळले असते तर वाहत्या गार पाण्याखाली दहा मिनिटे पाय धरता आले असते (बर्फ नव्हे). ती तिच्या जागेवरून महिनाभर हलली नाही. खंड्याच्या उलट तिला बांधावे लागले नाही. ती फाटकाकडे तोंड करून पडून राही आणि मोटारीचा आवाज आला की मान उचली. आपण अनवाणी उभे राहू शकत नाही त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी, टेकवत नसेल तर संध्याकाळची वाट पाहावी. सोडून दिलेल्या कुत्रीच्या बाबतीत हा नियम कुणी कुणाला सांगायचा, हा प्रश्न मित्राने मला विचारला आणि मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी आणखी एक भीती येऊन गेली. खंड्याच्या चारही गाद्यांच्या कडा निबर होऊन त्यांना झालरीसारखे धागे सुटू लागले. डॉक्टरांनी पाय पाहण्याआधी त्याचे नाक चाचपले, डोळे पाहिले, मग मला विचारले की मधल्या काळात ताप, खोकला, नाकाडोळ्यांतून घाण असे काही झाले होते का, झोपेत एखादा स्नायू सारखा उडतो का. ते डिस्टेम्परच्या खुणा शोधत होते. गोवराच्या विषाणूच्या कुळातल्या या विषाणूने नाक आणि गाद्या टणक होतात. इंग्लंडात १९४० च्या दशकात या टणक गादीला वेगळाच रोग समजत असत, पुढे तो तोच विषाणू निघाला. त्याला टोचणी आहे, औषध नाही, आणि गाद्या टणक होईपर्यंत तो बहुधा मेंदूच्या वाटेला लागलेला असतो. नाक मऊ होते. स्नायू उडत नव्हता. “म्हातारा होतोय,” डॉक्टर म्हणाले, “घट्टे आहेत.” माणसाचा शब्द त्यांनी सहज कुत्र्याला लावला आणि मला मावशींची आठवण झाली. आता आठवड्यातून दोनदा पाय कोमट पाण्यात भिजवून पेट्रोलियम जेली लावतो. वाढलेला भाग डॉक्टर कापतात, मी नाही. मी कात्री उचलली की अजूनही माझ्या हाताला ते पहिले वर्ष आठवते.

मावशींना मी त्या वर्षीच्या गौरी-गणपतीत जाऊन सांगितले की तुम्ही म्हणाला होता तसेच होते. त्यांना काही आठवत नव्हते. “मी बोलले व्हते काय?” म्हणाल्या, आणि आत चहा टाकायला गेल्या. त्यांचे पाय तोवर बरे झाले होते. आवणी संपून महिना झाला होता.

उरलेला प्रश्न सुटलेला नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मुले पाठीवर पिशव्या घेऊन उतरतात, कुणी कोथळीगडाला, कुणी राजमाचीला. खंड्या एसटीच्या थांब्यावर त्यांना गाठतो आणि त्यांच्या पुढे चालू लागतो. कुणी बोलावत नाही, कुणी परत पाठवत नाही. मुले त्याला बिस्किटे देतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात, आणि संध्याकाळी तो सोलवटलेल्या गाद्या घेऊन माझ्या पायरीवर येतो. डॉक्टर म्हणतात, शनिवारी सकाळी बांधून ठेवा, तीन बोटांच्या पायाला आता ती चढण सोसणार नाही. त्यांचे बरोबर आहे. मी दोनदा साखळी खुंटीवरून काढली. दोन्ही वेळा तो ती पाहून उठला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला, पळाला नाही. मी साखळी परत टांगली.

त्या मुलांपैकी एकाला मी परवा थांब्यावर गाठून पाण्याची बाटली आणि कापडाचा तुकडा दिला. अर्ध्या वाटेवर लेण्यांपाशी बसाल तेव्हा त्याचे पाय पाहा, म्हणालो. मुलगा आधी हसला, मग त्याने विचारले, “काका, म्हणजे नेमके काय पाहायचे?” एसटी सुटायला वेळ होता. मी खंड्याला हाक मारली, त्याचा उजवा पाय हातात घेतला आणि बोटे फाकवून त्याला एकेक दाखवू लागलो.